राखीव क्वार्टरबॅकला लवकर मैदानात उतरवावं का?

कोलंबसकर

मंडळी, धागा फुटबॉलचा आहे. इथला, अमेरिकेतला, शिरस्त्राण घालून खेळायचा. ज्यांना तिटकारा आहे त्यांनी शेजारच्या थालिपीठाच्या धाग्यावर जावं, तिथे भाजणीत गहू घालावेत की नाही यावरून कालपासून जुंपली आहे.

मूळचा सांगलीचा, कोलंबस, ओहायोमध्ये 22 वर्षं झाली. पहिली पाच वर्षं शनिवारी दुपारी रस्ते का ओस पडतात ते कळत नव्हतं. आता बायको लग्नाच्या तारखाही नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार, म्हणजे मिशिगनशी सामन्याचा दिवस, सोडून धरायला सांगते.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉलेजच्या संघाचे हंगामात साधारण 12 सामने. प्रत्येक चालीत चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो आणि पुढचं सगळं तो ठरवतो. बाकीचे खेळाडू आलटूनपालटून येतात, क्वार्टरबॅक मात्र एकच. दुसरा कडेला टोपी घालून उभा. पहिला जायबंदी झाला की एक लाख लोकांसमोर त्याला 'चल, जा' म्हणतात.

प्रश्न असा. समोरची टीम दुबळी आहे, तिसऱ्या क्वार्टरमध्ये (सामन्याचे असे चार भाग) 38-3 झालंय. कोचने दुसऱ्याला उतरवावं का? उतरवला तर त्याला खरोखर चेंडू फेकू द्यावा, की नुसता धावणाऱ्याच्या पोटाशी देऊन घड्याळ संपवायचं?

माझं मत: उतरवावा, पहिल्या सोप्या सामन्यापासून उतरवावा, आणि फेकू द्यावा. आम्ही ओहायो स्टेटवाल्यांनी 2014 पाहिलंय. हंगामाच्या आधीच ब्रॅक्स्टन मिलरचा खांदा गेला. मग जे. टी. बॅरेट. त्याचा घोटा मिशिगनच्या सामन्यात मोडला. आठवड्याने तिसरा, कार्डेल जोन्स, आयुष्यातला पहिला सामना सुरुवातीपासून खेळला आणि विस्कॉन्सिनला 59-0 धुतलं. मग अलाबामा 42-35, मग ओरेगॉन 42-20 आणि राष्ट्रीय विजेतेपद. तिसऱ्या नंबरच्या पोराने!

बोला.

फुलटॉस

मला ह्या खेळातलं फक्त एवढंच कळतं की चार सेकंद खेळतात आणि चार मिनिटं जाहिराती दाखवतात. तरी वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

आडवी_बॅट

काका, तुमचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातंय. जोन्स त्या हंगामात तीनच सामने सुरुवातीपासून खेळला आणि तिन्ही जिंकला. म्हणजे आधीच्या अनुभवाची गरजच नव्हती! सरावात तयार झाला, वेळ आली, खेळला. मग सप्टेंबरमध्ये त्याला लाडाने उतरवण्याचा प्रश्न येतोच कुठे?

कोलंबसकर

@आडवी_बॅट, अर्धवट इतिहास. बॅरेट पहिला झाला तेव्हा जोन्स दुसरा झाला होता. हंगामभर सामना खिशात आला की मधूनमधून उतरत होता. शिवाय तो तिसऱ्या वर्षाचा पोरगा, सगळ्या चाली पाठ. आईच्या पोटातून आलेला अभिमन्यू नव्हे.

आडवी_बॅट

अभिमन्यूचं उदाहरण देऊ नका, तो बाहेर येताना अडकला होता :)

टेक्सासची_ताई

आम्ही ऑस्टिनवाले ह्यावर बोललो नाही तर पाप लागेल.

2024 मध्ये आमच्याकडे पहिला क्विन युअर्स, दुसरा आर्च मॅनिंग. आडनाव वाचून कळलंच असेल, दोन काका एनएफएलचे, म्हणजे व्यावसायिक लीगचे, दिग्गज, आजोबाही खेळलेले. अख्खं गाव 'आर्चला खेळवा' म्हणून ओरडत होतं. सप्टेंबरमध्ये दुबळ्या यूटीएसए टीमविरुद्ध युअर्सच्या पोटाचा स्नायू दुखावला, आर्च उतरला. चार टचडाउन पास (टचडाउन म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार, सहा गुण), वर 67 यार्ड स्वतः पळत गेला. 56-7. पुढचे दोन सामने त्यानेच सुरू केले. अनुभव मिळाला की नाही? मिळाला.

मग ऑक्टोबरात जॉर्जिया आली. युअर्स अडखळला, मध्यंतराआधी 23-0 मागे. कोचने आर्चला उतरवला. त्याच्यावर जॉर्जियाची ती राक्षसं तुटून पडली. दोन वेळा चेंडू मिळाला, काही झालं नाही, दुसऱ्या अर्ध्यात पुन्हा युअर्स. हरलो 30-15.

तेव्हा माझं म्हणणं, अनुभव अनुभवात फरक आहे. यूटीएसएविरुद्धचे चार टचडाउन जॉर्जियासमोर उपयोगी पडले नाहीत. आणि 2025 ला तो पहिला झाला, आमची टीम हंगामापूर्वीच्या यादीत देशात पहिली, आणि पहिल्याच सामन्यात...

कोलंबसकर

...कोलंबसात आली आणि 14-7 हरून गेली. मी स्टेडियमात होतो. पुरणपोळी पाठवू का?

टेक्सासची_ताई

पाठवा, कटाची आमटीही पाठवा. तोंड गोड आणि डोळ्यांत पाणी, दोन्ही सोय होईल.

नागपुरी_संत्रं

तुमी लोकं कायले एवढं भांडून रायले बाप्पा. मले फुटबॉल नाही समजत, पण राखीव माणसाची गोष्ट जामठ्याच्या मैदानावर डोळ्यानं पाहिली आहे. फेब्रुवारी 2010, दक्षिण आफ्रिकेची कसोटी. लक्ष्मण जखमी. रोहित शर्माचं पदार्पण होणार म्हणून आम्ही खुश. तर सामन्याच्या दिवशी सकाळी सराव करताना रोहितचा घोटा मुरगळला. फुटबॉल खेळताना बरं का! मग वृद्धिमान साहा, जो धोनीचा राखीव कीपर म्हणून आला होता, त्याले निव्वळ बॅट्समन म्हणून उतरवलं. पहिल्या डावात शून्य. दुसऱ्या डावात 36, तास दोन तास उभा राहिला गडी.

सांगायचं काय, कोणाची कवा पाळी येईल काही नेम नाही.

फुलटॉस

@नागपुरी_संत्रं, फुटबॉल खेळताना! धागा आपोआप जुळला की हो.

राखीव म्हटलं की मला अमोल मुझुमदार आठवतात. 1988, हॅरिस शील्ड, आझाद मैदान. सचिन-कांबळींची 664 ची नाबाद भागी, आणि पुढचा फलंदाज पॅड बांधून बसलाय. बसलाय. बसलाय. तो अमोल. पुढे मुंबईकडून रणजी पदार्पणात 260 मारले तरी भारताची टोपी नाही. पण नोव्हेंबर 2025 ला डी. वाय. पाटीलवर मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तेच.

आडवी_बॅट

सुंदर, पण मुद्द्याशी संबंध? मुझुमदारांना सोप्या सामन्यात उतरवा अशी कुणाची तक्रार नव्हती. जागाच नव्हती. क्वार्टरबॅकचंही तेच. पहिला चांगला असेल तर त्याची लय मोडून दुसऱ्याला कशाला? पहिल्यालाही सरावाची गरज असते. तो 19-20 वर्षांचाच असतो. इथले कोच म्हणतात ना, दोन क्वार्टरबॅक असले म्हणजे एकही नाही.

मिशिगनमामा

@आडवी_बॅट, ह्या म्हणीला आमच्या गावाने चोख उत्तर दिलंय. 1999. पाचव्या वर्षाचा एक हडकुळा पोरगा, आणि मागे ड्र्यू हेन्सन नावाचा गाजलेला तरुण. कोच लॉइड कार यांनी हंगामाच्या सुरुवातीला वाटणीच केली. पहिला क्वार्टर थोरला, दुसरा क्वार्टर धाकटा, मध्यंतरात ठरवायचं की पुढे कोण. निम्म्या हंगामानंतर वाटणी मोडली आणि थोरलाच कायम झाला. शेवटी ऑरेंज बोलमध्ये अलाबामाला 35-34 हरवलं. त्या हडकुळ्याचं नाव टॉम ब्रेडी. पुढच्या वर्षी एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये (नवी पोरं निवडतात तेव्हा) 199 वा निवडला गेला.

त्या वाटणीने त्याचं नुकसान झालं की फायदा, ह्यावर आमच्या ॲन आर्बरात अजून चहाच्या टपरीवर... म्हणजे कॉफीच्या दुकानात वाद होतात.

आणि कोलंबसकर, तुम्ही आमच्या धाग्यावर येत नाही, मी तुमच्या आलो, हे लक्षात असू द्या.

कोलंबसकर

स्वागत आहे मामा. चपला बाहेर काढा.

स्लोमोशन

सोपा सामना, सोपा सामना काय लावलंय? 1 सप्टेंबर 2007. मिशिगनसमोर खालच्या गटातली ॲपलाशियन स्टेट. मामा, स्कोअर सांगता का?

मिशिगनमामा

34-32. त्यांच्या बाजूने. आमच्याच घरात, लाखभर माणसांसमोर. झालं समाधान? मीठ आणखी आहे का?

क्लेमसनचा_भाऊ

मी क्लेमसनला एमएस केलं, त्यामुळे 2018 बद्दल बोलायचा हक्क राखून ठेवतो.

त्या वर्षी नियम बदलला. तोवर असं होतं की पाच वर्षांत चार हंगाम खेळायचे, आणि एखाद्या वर्षी न खेळता ते वर्ष राखायचं, ज्याला रेडशर्ट म्हणतात. पण एका सामन्यात दोन मिनिटं जरी उतरलात तरी बहुतेक वेळा वर्ष गेलंच. म्हणून कोच नवख्या पोराला हातही लावत नसत. 2018 पासून चार सामन्यांपर्यंत खेळलं तरी वर्ष शाबूत. काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर ह्या नियमातच आहे. आता पोराला उतरवायला जवळपास काही पडत नाही.

पण हीच सुरी दुसऱ्या बाजूनेही कापते. आमच्याकडे केली ब्रायंट पहिला होता, मागे नवखा ट्रेव्हर लॉरेन्स. पहिले चार सामने दोघांनाही खेळवलं. चौथ्यानंतर कोच म्हणाले, आता लॉरेन्स पहिला. ब्रायंटने हिशोब केला, माझे चारच सामने झालेत, वर्ष वाचलं, आणि त्याच आठवड्यात टीम सोडली. पुढे मिझुरीला गेला.

आता गंमत बघा. तो गेला बुधवारी. शनिवारी सिराक्यूजचा सामना. दुसऱ्या क्वार्टरमध्ये लॉरेन्सला जोरदार मार बसला, बाहेर. उरला कोण? चेस ब्राइस. आठवड्यापूर्वी तिसऱ्या नंबरवर होता. आम्ही मागे. सहा-सात मिनिटं शिल्लक, स्वतःच्या सहा यार्डावरून सुरुवात, समोर 94 यार्ड. मधे चौथा डाउन आणि सहा यार्ड हवेत, म्हणजे चुकलं तर संपलंच. त्याने टी हिगिन्सला फेकला, लागला. 41 सेकंद असताना टचडाउन, 27-23. त्या वर्षी आम्ही 15-0, शेवटी अलाबामाला 44-16.

तो एक सामना हरलो असतो तर 15-0 नाही. त्या ब्राइसने सप्टेंबरात सोप्या सामन्यांच्या शेवटी जी काही मिनिटं खेळली होती, तेवढीच त्याच्या गाठीला होती. मी त्या सामन्यात तिसऱ्या माळ्यावर उभा होतो. शेजारच्या अनोळखी आजोबांनी मला अशी मिठी मारली की चष्म्याची काडी वाकली. अजून तोच चष्मा आहे.

घाटमाथा

म्हणजे दुसऱ्याला खेळवलं तर पहिला रुसतो, नाही खेळवलं तर दुसरा पळतो. हे आपल्याकडच्या उपमुख्यमंत्र्यांसारखं झालं. हलके घ्या.

टेक्सासची_ताई

@घाटमाथा, हसून हसून पुरेवाट. पण तिथे तर सगळेच पहिले.

भाऊंचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आता ट्रान्सफर पोर्टल आहे (कॉलेज बदलायचं असलं की त्यात नाव घालायचं), 2021 पासून नाव-जाहिरातीचे पैसेही मिळतात. दुसऱ्या नंबरच्या पोराला दोन वर्षं नुसतं उभं ठेवलं तर तो तिसऱ्या वर्षी दुसऱ्या गावाला. तेव्हा खेळवणं म्हणजे नुसतं शिक्षण नाही, मनधरणीसुद्धा.

ढोलवाली_आई

माझी मुलगी कॉलेजच्या मार्चिंग बँडमध्ये स्नेअर वाजवते. (गणपतीत पुण्यात ताशा वाजवायची, तोच हात.) त्यामुळे मी सामने बघते ते बँडच्या बाजूने. बँडवाल्यांचं ह्या विषयावर ठाम मत आहे: दुसरा क्वार्टरबॅक आला की सामना लांबतो आणि त्यांचा पिझ्झा थंड होतो. मतदान नोंदवून घ्यावे.

धावती_चित्रं

इतका वेळ वाचत होतो, आता राहवेना. मी इथे शिकत असताना दोन हंगाम कॅम्पसवरची नोकरी म्हणून टीमच्या सरावाचं चित्रीकरण करायचो. कॉलेजचं नाव सांगत नाही. रोज दुपारी उंच फळीवर उभं राहून एकाच कोनातून सगळं टिपायचं, रात्री कोच ते बघणार. क्वार्टरबॅक लोकांना मी त्यांच्या आयांपेक्षा जास्त पाहिलंय.

सरावात क्वार्टरबॅक वेगळ्या रंगाची जर्सी घालतात. त्याचा अर्थ: ह्याला हात लावायचा नाही. बचाववाला धावत येतो आणि अंगाजवळ आल्यावर थांबतो, फार तर पाठीवर थाप मारतो. म्हणजे दुसऱ्या नंबरचा पोरगा ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत सराव करतो आणि त्याला एकदाही कुणी आडवं पाडलेलं नसतं. पहिला खरा धक्का सामन्यातच. धक्का बसणार हे माहीत असताना डोळे वर ठेवून फेकणं, हे सरावात शिकताच येत नाही. आमच्याकडचा एक पोरगा सरावात देखणा फेकायचा. सामन्यात उतरला, पहिल्याच चालीत दणका बसला, त्यानंतर त्याची नजर चेंडू झेलणाऱ्या रिसीव्हरवर नाही, समोरून येणाऱ्यांवर. चित्रफितीत शिरस्त्राणाची जाळी खाली झुकलेली स्पष्ट दिसायची.

पहिल्या संघाबरोबरच्या बहुतेक चाली पहिल्यालाच मिळतात. आठवड्यात वेळच तेवढा असतो. राखीव पोरं काय करतात? समोरची टीम होतात. येत्या शनिवारी ज्यांच्याशी सामना, त्यांच्या चाली कार्डावर काढलेल्या असतात, त्या बघून आपल्या बचावाविरुद्ध खेळायच्या. म्हणजे खालच्या नंबरची पोरं आठवडाभर शत्रूच्या चाली खेळतात आणि शनिवारी त्यांनी आपल्या चाली खेळाव्यात अशी अपेक्षा! मला हे नेहमी विनोदी वाटायचं.

आता शिरस्त्राणात रेडिओ आलाय, 2024 पासून. 40 सेकंदांचं घड्याळ सुरू होतं, कोच कानात बोलत असतो, आणि 15 सेकंद उरले की आवाज बंद. पुढचे 15 सेकंद तो पोरगा एकटा. समोरचा बचाव त्याच वेळी जागा बदलतो, मुद्दामच. सरावात तुम्ही हे घड्याळ लावू शकता, पण लाखभर लोकांचा गोंगाट आणि ती कानातली अचानक शांतता लावता येत नाही.

म्हणून कोलंबसकरांशी सहमत, पण अर्धाच. चौथ्या क्वार्टरला 45-0 असताना उतरवून उपयोग नाही. तेव्हा त्याच्यासोबत सगळी दुसरी फळी उतरते. सेंटर (चेंडू मागे देणारा) वेगळा, त्याच्या स्नॅपचा, म्हणजे त्या मागे देण्याचा, वेग वेगळा, चेंडू हातात येतो तोच तिरका. त्या पोराला ना खरी लय कळते, ना खरा बचाव. उतरवायचाच तर दुसऱ्या क्वार्टरमध्ये, पहिल्या फळीबरोबर, एक पूर्ण मालिका, म्हणजे चेंडू आपल्याकडे आहे तोवरच्या सगळ्या चाली. आधीच सांगून ठेवायचं की तिसरी मालिका तुझी.

कोलंबसकर

@धावती_चित्रं, दंडवत. इतकी वर्षं बघतोय, हे कानातलं माहीत नव्हतं.

क्लेमसनचा_भाऊ

+1. वाचनखूण साठवली.

फुलटॉस

स्नॅपचा वेग वेगळा म्हणजे? चेंडू तोच ना?

धावती_चित्रं

@फुलटॉस, कीपरला विचारा, कुंबळेचा चेंडू आणि हरभजनचा चेंडू तोच ना. हाताला सवय लागते. अजून एक सांगतो. अलाबामाचा टुआ टागोवायलोआ डावखुरा. डावखुऱ्याने फेकलेला चेंडू हवेत उलट्या दिशेने फिरतो. रिसीव्हरला झेलताना ते जाणवतं. शिवाय त्याची पाठ दुसऱ्या बाजूला होते, त्यामुळे मागून येणाऱ्याला अडवायची जबाबदारी डावीकडच्या टॅकलऐवजी उजवीकडच्यावर येते. म्हणजे राखीव बदलला की फक्त एक माणूस बदलत नाही.

मिशिगनमामा

आणि हाच टुआ! 8 जानेवारी 2018, अटलांटा, राष्ट्रीय अंतिम सामना. जॉर्जिया 13-0 पुढे. पहिला क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स, दोन वर्षांत जेमतेम दोन सामने हरलेला. मध्यंतरात निक सेबननी त्याला बसवला आणि नवखा टुआ आणला. हंगामभर तो सामने खिशात आल्यावरच खेळला होता. जादा वेळेत पहिल्या चालीत 16 यार्ड मागे ढकलला गेला, सगळे डोक्याला हात लावून बसले, आणि पुढच्याच चालीत डेव्हॉन्टा स्मिथला 41 यार्डांचा. 26-23. संपलं.

आडवी_बॅट

आणि तुम्ही लोक गोष्ट नेहमी इथेच थांबवता. हर्ट्सचं काय? पुढच्या हंगामात तो दुसरा झाला. सोडून गेला नाही. टुआ भरपूर आघाडी घेऊन बाहेर बसायचा आणि उरलेला सामना हर्ट्स खेळायचा. डिसेंबर 2018, तेच अटलांटा, तेच स्टेडियम, समोर तीच जॉर्जिया. चौथ्या क्वार्टरमध्ये टुआचा घोटा गेला, 28-21 मागे. हर्ट्स आला, एक पास, एक स्वतः धावत, 35-28. अकरा महिन्यांनी उलटी फेड.

कोलंबसकर

@आडवी_बॅट, अहो, हे तुम्ही माझ्या बाजूने बोललात.

आडवी_बॅट

मला माहितेय. गोष्ट चांगली आहे म्हणून सांगितली. मत तेच आहे. हर्ट्सकडे दोन वर्षांचा पहिल्या नंबरचा अनुभव होता. त्याला गार्बेज टाइमने, म्हणजे सामना खिशात आल्यावरच्या मिनिटांनी, तयार केलं नाही.

स्लोमोशन

फ्लोरिडा स्टेट 2023 कुणी काढत नाही? नॉर्थ अलाबामासारख्या लहान टीमविरुद्ध जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय गेला. सोप्या सामन्यात पहिल्याला कशाला ठेवायचा? राखीव खेळवला असता तर पाय वाचला असता, 13-0 असून विजेतेपदाच्या प्लेऑफमधून (तेव्हा चारच टीम घ्यायचे) बाहेर बसायची पाळी आली नसती.

क्लेमसनचा_भाऊ

@स्लोमोशन, तो पहिल्या क्वार्टरमध्येच जखमी झाला आणि तेव्हा ते मागे होते. कुठला कोच पहिल्या क्वार्टरला राखीव खेळवेल? उगाच कोचवर ढकलू नका.

पण पुढचं खरं आहे. दुसरा रोडमेकर फ्लोरिडाविरुद्ध खेळला, त्याच्या डोक्याला मार. मग अजिंक्यपदाच्या सामन्यात तिसरा, नवखा ब्रॉक ग्लेन. जिंकले 16-6, पण बघवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी समितीने चौथी जागा अलाबामाला दिली, ट्रॅव्हिस नसलेली टीम ती टीम नाही म्हणून. तिथे राखीव खेळाडूची किंमत अख्ख्या देशाला कळली.

स्लोमोशन

चूक मान्य. पहिला क्वार्टर विसरलो होतो.

घाटमाथा

मराठी संस्थळावर कुणीतरी चूक मान्य केली! संपादक मंडळ, धागा वर चिकटवा.

न्यूजर्सीची_माई

मी कॉलेजबद्दल काही सांगू शकत नाही, पण माझा भाचा इथे हायस्कूलच्या टीममध्ये दुसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक आहे. दहावीला आहे. बहीण माझ्यापासून दोन गल्ल्यांवर राहते, त्यामुळे शुक्रवारी रात्री आम्ही सगळे घोंगड्या घेऊन बाकांवर.

दोन आठवड्यांपूर्वी टीम 42-0 पुढे होती. कोचनी शेवटची पाच मिनिटं त्याला उतरवलं. आम्ही सगळे उभे. त्याने नऊ वेळा चेंडू घेतला आणि सात वेळा धावणाऱ्याला दिला. शेवटच्या दोन वेळा घड्याळ संपवायला नुसता गुडघा टेकवला. संपलं. फेकायला सक्त मनाई होती, कारण समोरच्यांचा अपमान होतो म्हणे. ते मला पटतंही. एवढ्या फरकाने हरणाऱ्या पोरांच्या आयाही समोरच्या बाकांवर बसलेल्या असतात.

पण घरी आल्यावर बहिणीने गणवेश धुवायला काढला. पांढरी पँट, गुडघ्यावर एक ठिपका सोडून कोरी करकरीत. ती खुश, म्हणाली साबण वाचला. पोरगा काही न बोलता वर खोलीत गेला. जेवायलाही आला नाही. साबुदाण्याची खिचडी होती, तीही नको म्हणाला. त्याच्या बाबतीत हे म्हणजे तापापेक्षा गंभीर लक्षण.

तेव्हा माझा भाबडा प्रश्न, अशा वेळी उतरवण्यापेक्षा न उतरवलेलं बरं का?

टेक्सासची_ताई

माई, पोटात कालवलं.

धावती_चित्रं

@न्यूजर्सीची_माई, न उतरवण्यापेक्षा बरंच. नऊ स्नॅप न सांडता घेतले ना? पहिल्यांदा उतरलेले निम्मे पोर एकतरी सांडतात. हडलमध्ये (चालीआधीच्या घोळक्यात) दहा जणांसमोर चाल मोठ्याने सांगितली ना? दहावीच्या पोराला तेही अवघड जातं, आवाज फुटत असतो. पण खिचडी नाकारली हे समजू शकतो.

अपमानाचा मुद्दाही खरा आहे. 45-0 असताना राखीव पोराने लांब फेकून टचडाउन केला तर सामना संपल्यावर दोन कोचांचा हस्तांदोलनाचा चेहरा बघण्यासारखा असतो. आम्ही तोही चित्रित करायचो, फक्त आमच्यासाठी.

मिशिगनमामा

त्यावरही उपाय आहे. टिम टीबो, फ्लोरिडा, 2006. नवखा होता, पहिला क्रिस लीक. अर्बन मायर यांनी टीबोला शेवटी नाही, ऐन सामन्यात आणायला सुरुवात केली, एक-दोन यार्ड हवे असले की हा धिप्पाड पोरगा येऊन घुसायचा. त्याचं काम ठरलेलं, त्यामुळे लीकची लयही फारशी मोडली नाही. त्या हंगामाचं विजेतेपद मिळालं आणि पुढच्या वर्षी टीबोला हाइझमन, म्हणजे सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा किताब. विजेतेपदाच्या सामन्यात 41-14 कुणाला हरवलं ते मी सांगत नाही, यजमानांचा मान राखतो.

कोलंबसकर

चपला घाला मामा.

आडवी_बॅट

बरं, टीबोवर मी अडलो. ठरलेलं काम देऊन, खऱ्या वेळेला, मोजकंच. हे मला मान्य. माझा विरोध '38-3 झालं की पाठव' ह्या दानधर्माला आहे. आणि पहिल्याला दोन चुकांनंतर बदलण्याला आहे. राखीव पोरगा तयार व्हावा म्हणून पहिला मोडायला नको.

कोलंबसकर

म्हणजे मी मूळ लेखात 'फेकू द्यावा' म्हणालो होतो, तेच तुम्ही तीस प्रतिसादांनी म्हणताय.

आडवी_बॅट

तुम्ही तिसऱ्या क्वार्टरला म्हणाला होतात. मी दुसऱ्या म्हणतोय.

धावती_चित्रं

दुसऱ्या क्वार्टरचं मी म्हणालो होतो.

नागपुरी_संत्रं

आता क्रेडिटसाठी भांडून रायले! थालिपीठाच्या धाग्यावर याच्यापेक्षा शांतता आहे. तिथं ठरलं, गहू घालाचे, पन थोडे.

न्यूजर्सीची_माई

अपडेट देते, कुणी विचारलं नाही तरी. काल रात्रीचा सामना. दुसऱ्या क्वार्टरमध्ये पहिल्या पोराच्या शिरस्त्राणाचा पट्टा तुटला. तो दुरुस्त होईपर्यंत भाचा आत. स्कोअर 7-7. चार चाली खेळला. एक पास जमिनीवर, एक 11 यार्डांचा लागला, एकदा धावणाऱ्याला दिला, आणि एकदा त्याला दोघांनी मिळून असं आपटलं की बहीण आणि मी एकाच घोंगडीत तोंड लपवलं. मग पहिला परत आला.

सामना हरलो. 21-14.

आमचं मैदान कृत्रिम गवताचं आहे, त्यात रबराचे बारीक काळे कण भरलेले असतात. बहीण रात्री अकराला गॅरेजमध्ये त्याचे बूट उलटे धरून झटकत होती. एका बुटातून मूठभर निघाले, मोज्यांतून वेगळे. कानातही होते म्हणे. तो आत ओट्यापाशी उभा राहून थंड खिचडी पातेल्यातूनच खात होता.

कार्पेटमधून हे रबराचे कण काढायला कुणाला काही उपाय माहीत आहे का? व्हॅक्यूमने निघत नाहीयेत.

ढोलवाली_आई

रुंद चिकटपट्टी हाताला उलटी गुंडाळा आणि थापट्या मारा. आमच्याकडे बँडच्या बुटांतूनही येतात.